कुणीच न जेवलेलं जेवण

हल्ली खाण्याचा विषय निघाला की कुणी ना कुणी पॅकेट उलटं करून विचारतंच, "बघ ना, हे अल्ट्रा-प्रोसेस्डमध्ये येतं का?" मला पॅकेटच्या मागचा बारीक मजकूर वाचायची खोड आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे ते पॅकेट फिरत फिरत माझ्याकडेच येतं. मग मी वाचते, माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर (म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ), फ्लेव्हर, कलर, आणि हो म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, नाही म्हटलं की लगेच अजून दोन तोंडात जातात. दोन्ही वेळा मला आतून वाटत राहतं की प्रश्नाचं माप चुकलंय. एक पॅकेट, एक माणूस, एक संध्याकाळ, एवढ्यासाठी अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात घटक सुटे करून परत जोडलेलं खाणं वेगळं काढायची, ही भानगड कुणी सुरू केलीच नव्हती. ती सुरू झाली एका अख्ख्या देशाच्या बाजारहाटाच्या याद्या बघून.

तो देश ब्राझील. साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो मूळचे डॉक्टर, आणि त्यांच्या कामाची सुरुवात झाली कुपोषणापासून, म्हणजे लोकांना पुरेसं खायलाच मिळत नाही त्याचं काय करायचं इथपासून. पुढच्या काही दशकांत त्यांच्या डोळ्यांदेखत चित्र पालटलं, लठ्ठपणा आणि डायबेटिस वाढायला लागले, आणि तेही फक्त पैसेवाल्यांत नाही. आता यावर ठरलेलं उत्तर काय, तर लोक साखर फार खातात, तेल फार खातात, मीठ फार खातात. म्हणून मोंतेरोंनी घरखर्चाचे सरकारी सर्व्हे काढले, ज्यात घरात काय काय विकत आणलं याची नोंद असते, आणि त्यात दिसलं की लोक साखर, तेल, मीठ आधीपेक्षा कमी विकत घेतायत. कमी! आणि वजनं मात्र वाढतायत.

या सगळ्या विषयातली माझी सगळ्यात आवडती जागा ही. कारण अशा वेळी बहुतेक माणसं म्हणतात की आकडेच चुकले असतील, किंवा लोक खोटं सांगत असतील. मोंतेरोंनी याद्यांमध्ये पुढे बघितलं, की मग वाढलं काय? वाढली होती बिस्किटं, गोड पेयं, सॉसेज, इन्स्टंट नूडल्स, तयार जेवणं. साखर घरातून गेली नव्हती, फक्त डब्यातून निघून पॅकेटात शिरली होती, आणि पॅकेटातली साखर "साखर" म्हणून यादीत लिहिलीच जात नाही. यावरून त्यांनी काढलेला अर्थ ऐकायला उफराटा वाटतो, की स्वयंपाकघरात साखरेची पिशवी दिसली तर ते एका परीने चांगलं लक्षण, कारण त्या घरात अजून कुणीतरी शिजवतंय.

मग २००९ साली त्यांनी मांडलं की अन्नात काय आहे यापेक्षा अन्नाचं काय केलंय यावरून त्याचे गट पाडून बघू. त्यातून पुढे 'नोव्हा' नावाचं चार गटांचं वर्गीकरण झालं, एकात धान्य, डाळी, फळं, भाज्या, दूध, अंडी, मांस अशा जवळपास जशाच्या तशा गोष्टी, दुसऱ्यात तेल, मीठ, साखर असं शिजवायचं सामान, तिसऱ्यात त्या दोघांतून बनलेलं साधं चीज, ताजा पाव, खारवलेले पदार्थ वगैरे, आणि चौथ्यात हे अल्ट्रा-प्रोसेस्ड. चौथ्याची ओळख म्हणजे आधी मका, सोया, गहू यांचे कारखान्यात तुकडे करायचे, स्टार्च वेगळा, प्रोटीन वेगळं, तेल वेगळं, सिरप वेगळं, आणि मग ते तुकडे परत जोडून त्यात चव, रंग, पोत घालून काहीतरी उभं करायचं, जे घरच्या स्वयंपाकघरात तुम्ही मनात आणलंत तरी करू शकणार नाही कारण ते सामानच घरात नसतं.

इथे एक गोष्ट बाजूला सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या सुरात वाचलं जाईल. प्रोसेसिंग म्हणजे पाप असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. दूध पाश्चराइज झालं नसतं, मिठात आयोडीन पडलं नसतं तर आपल्यातले किती जण धड वाढले असते कुणास ठाऊक. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून मिठात आयोडीन घालायला लागले आणि डोंगराळ भागात पिढ्यानपिढ्या दिसणारा गलगंड मागे हटला, हे एका देशाचा आहार कारखान्याने सुधारल्याचंच उदाहरण आहे. त्यामुळे "पूर्वीचं ते सगळं चांगलं" हा राग मला आळवायचा नाही, पूर्वी लोक काय काय कमतरतांनी मरायचे ते वाचलंय मी.

तर, देशाचा आहार. ही फार विचित्र वस्तू आहे कारण ती कुणीच जेवत नाही. ती सरासरी असते. आणि ती मोजायच्या तीन ढोबळ पद्धती आहेत, प्रत्येकीत वेगळंच काहीतरी निसटतं. पहिली म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची ताळेबंदाची पद्धत, देशात पिकलं किती, आयात किती, निर्यात किती, जनावरांना किती, बियाण्याला किती, वाया किती, उरलेलं भागिले लोकसंख्या. यात गहू कळतो, साखर कळते, पाम तेल कळतं, पण चिप्सचा रकानाच नाही! अख्ख्या देशाचा स्वयंपाक घरातून कारखान्यात गेला तरी हा ताळेबंद जवळजवळ तसाच दिसेल, कारण गहू तोच, तेल तेच. दुसरी पद्धत घरात विकत काय आणलं ते बघायची, जी मोंतेरोंच्या कामी आली, पण तिच्यात बाहेर उभ्याने खाल्लेलं नीट येत नाही. तिसरी थेट माणसाला विचारायची, गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लंत, आणि माणूस माणूसच असतो, तो सॅलड विसरत नाही, रात्री अकराला फ्रीजसमोर उभं राहून खाल्लेलं विसरतो.

म्हणून आकडे वाचताना कुठल्या पद्धतीचे आहेत हे बघायचं. युरोपातल्या १९ देशांच्या घरगुती खरेदीचा एक अभ्यास २०१८ ला आला होता, डेटा जुना, १९९१ ते २००८ मधला, त्यात एकूण कॅलरींपैकी अल्ट्रा-प्रोसेस्डचा वाटा पोर्तुगालमध्ये साधारण १० टक्के, इटलीत १३, फ्रान्समध्ये १४, जर्मनीत ४६ आणि ब्रिटनमध्ये ५० च्या वर. एकमेकांना लागून असलेले, पैशाने फार लांब नसलेले देश आणि एवढा फरक! अमेरिकेत २००९-१० च्या सर्व्हेत लोकांनी सांगितलेल्या खाण्यावरून हा वाटा ५७.९ टक्के निघाला होता. ऑगस्ट २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळाचा सरकारी आकडा ५५ टक्के आहे, मोठ्यांचा ५३ आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा ६१.९. मधल्या वर्षांच्या मानाने थोडा खाली आलाय म्हणे. पण मुलांचा आकडा मोठ्यांपेक्षा वर आहे आणि ही मुलं पुढे स्वतःचं घर करणार आहेत, मला तरी त्या थोड्याशा उताराचा आनंद करवत नाही.

बरं, वाटा वाढला तर बिघडतं काय? इथे मात्र वेगवेगळ्या देशांचे अभ्यास जवळजवळ एकाच सुरात बोलतात, जे पोषणशास्त्रात क्वचित होतं. वाटा वाढतो तसं वरून घातलेली साखर वाढते, फायबर खाली जातं, पोटॅशियम खाली जातं, एकूण आहारातलं प्रोटीनचं प्रमाण बहुतेक ठिकाणी पातळ होतं, आणि दर घासामागे कॅलरी वाढतात. अमेरिकेच्या २००९-१० च्या त्या सर्व्हेत वरून घातलेल्या साखरेपैकी जवळजवळ ९० टक्के साखर या एका गटातून आली होती. नव्वद! म्हणजे चहा-कॉफीत चमचा टाकताना ज्याच्याकडे सगळे रोखून बघतात तो बिचारा उरलेल्या दहातला.

आणि काय आत आलं यापेक्षा काय बाहेर ढकललं गेलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोट एकच आहे, दिवसाच्या कॅलरींना मर्यादा आहे, त्यातल्या निम्म्या पॅकेटांनी घेतल्या तर कडधान्य, फळं, भाज्या, अख्खं धान्य यांना जागा उरते निम्मी. २०१९ साली जगभरच्या आहाराचा आणि आजारांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात २०१७ या एका वर्षात आहाराशी संबंधित मृत्यू १ कोटी १० लाखांच्या घरात धरले होते, आणि सगळ्यात वरच्या तीन कारणांत पहिलं होतं मीठ जास्त, पण दुसरी दोन होती अख्खं धान्य कमी आणि फळं कमी. म्हणजे तीनातली दोन कारणं न खाल्लेल्या गोष्टींची आहेत. जे खाल्लंच नाही त्याचं लेबल कुठे वाचणार? पॅकेट उलटं करून विचारणाऱ्या माणसाला मी हे कधीच नीट समजावून सांगू शकत नाही, कारण त्याच्या हातात पॅकेट असतं, हातात नसलेलं सफरचंद नसतं.

आता यावर कंपन्यांकडे उत्तर तयार असतं. फायबर कमी? घालतो. व्हिटॅमिन कमी? घालतो. फॅट नको? काढतो. आणि खरंच घालतात, काढतात. पोषणशास्त्राने जवळजवळ शंभर वर्षं अन्नाला घटकांत मोजलं, आणि जो खेळ घटकांत मोजला जातो त्यात कारखान्याला कोण हरवणार, घटक सुटे करणं हाच तर त्यांचा धंदा आहे. मार्गरीनचं बघा. द्रव तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायची युक्ती नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ च्या सुमारास पेटंट केली. पुढे लोण्यातलं सॅच्युरेटेड फॅट वाईट ठरलं आणि वनस्पती तेलाचं मार्गरीन शहाण्या माणसाची निवड झालं, डॉक्टर सांगायचे, लोक खायचे. १९९० ला नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणारं ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि वर चांगलं कोलेस्टेरॉल कमीही करतं. डेन्मार्कने २००३ मध्ये त्याच्यावर मर्यादा घातली, अमेरिकेला ते बाहेर काढायला २०१८ उजाडलं. लेबलावरचा एक घटक सुधारला आणि त्याच्या जागी रकानाच नसलेला दुसरा घटक आला, आणि तो कळेपर्यंत पिढ्या जेवून गेल्या.

चिलीतही हेच, थोड्या सौम्य रूपात. २०१६ मध्ये त्यांनी पॅकेटांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले, साखर जास्त, मीठ जास्त, कॅलरी जास्त, असे, आणि शिक्का असलेल्या पॅकेटांवरून मुलांना भुलवणारी कार्टून हटवली, शाळेत ते विकणं बंद केलं. जगातला धाडसी कायदा, आणि परिणामही झाला, शिक्क्याच्या पेयांची खरेदी सुरुवातीच्या काळात साधारण २४ टक्क्यांनी उतरली. पण कंपन्यांनी काय केलं, साखर शिक्क्याच्या रेषेखाली आणली आणि गोडी राखायला स्वीटनर घातले, त्यामुळे स्वीटनर असलेल्या पेयांची खरेदी वाढली. म्हणून मेक्सिकोने २०२० मध्ये शिक्के आणले तेव्हा एक जास्तीची पट्टी ठेवली, यात स्वीटनर आहे, मुलांना देऊ नका. कायदा एक घर पुढे, कारखाना एक घर पुढे, चाललंय आपलं.

मग खरा प्रश्न उरतो. समजा सगळे घटक तंतोतंत सारखे केले, साखर तेवढीच, फायबर तेवढंच, मीठ तेवढंच, तरी फरक पडतो का? हे करून बघणारा माणूस म्हणजे केविन हॉल, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेला, आणि गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा कल होता की घटक सारखे केले तर फरक पडणार नाही. २० माणसं चार आठवडे संस्थेतच राहिली, दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण, दोन आठवडे साधं शिजवलेलं, कुणाला आधी हे कुणाला आधी ते. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर जुळवलेले, गरजेपेक्षा भरपूर वाढलेलं, आणि सूचना एकच, हवं तेवढं खा, नको तेवढं टाका. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा दिसलं की अल्ट्रा-प्रोसेस्डच्या दोन आठवड्यांत लोक रोज सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होते आणि वजन ०.९ किलो वाढलं, दुसऱ्या दोन आठवड्यांत तेवढंच कमी झालं.

मला त्या प्रयोगात सगळ्यात बोलका वाटलेला तपशील लिंबू सरबताचा आहे. अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवणात फायबर इतकं कमी पडत होतं की दोन्ही बाजू जुळवायला त्यांना फायबरची पूड सरबतात विरघळवून द्यावी लागली. कागदावर फायबर समान झालं. पण भाजीतलं फायबर चावावं लागतं, आणि सरबतातलं गटकन खाली जातं, जबड्याला काही कामच नाही. आणि निकालात तेच दिसतं, अल्ट्रा-प्रोसेस्डच्या दिवसांत लोक जास्त भराभर खात होते. मऊ, कोरडं, कमी चावायचं, प्रत्येक घासात जास्त कॅलरी, पोटाकडून मेंदूला "पुरे" असा निरोप जाईपर्यंत ताट रिकामं. शिवाय जास्तीचं जे खाल्लं ते पिठूळ-गोड आणि तेलकट भागातलं होतं, प्रोटीन दोन्हीकडे जवळपास तेवढंच राहिलं, जणू शरीर प्रोटीनचा कोटा पुरा होईपर्यंत थांबायला तयार नव्हतं आणि पातळ झालेल्या जेवणात तो कोटा भरायला जास्त खावं लागत होतं. सिम्पसन आणि राउबेनहायमर या दोघा शास्त्रज्ञांनी हा तर्क २००५ मध्येच मांडला होता, मुळात कीटकांच्या अभ्यासातून आलेला. टोळ आणि माणूस यांच्यात एवढं साम्य असेल असं वाटलं नव्हतं, पण असो.

वीसच माणसं, चारच आठवडे, असं म्हणून नाक मुरडणारे होते आणि ते रास्त होतं. २०२५ मध्ये ब्रिटनमधून जरा जास्त काळ चाललेला प्रयोग आला, ५५ माणसं, आपापल्या घरी राहून, दोन्ही प्रकारचं जेवण आठ-आठ आठवडे, आणि यावेळी दोन्ही जेवणं सरकारी आहार-सूचनेत बसणारी, म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्डमधलीही शहाणी निवड. वजन दोन्हीकडे कमी झालं! साध्या जेवणावर साधारण २ टक्के, अल्ट्रा-प्रोसेस्डवर १ टक्का. दोन्ही बाजूंचे लोक हा निकाल आपल्या बाजूचा म्हणून फिरवतात, ते बघून मला हसू येतं. मला त्यातून कळतं ते एवढंच, की सूचना पाळल्या तर कारखान्याचं जेवणही लोकांच्या नेहमीच्या खाण्यापेक्षा बरं, आणि साधं शिजवलेलं त्याहून बरं.

आता हे वर्गीकरण तुटतं कुठे तेही बोलायला पाहिजे, कारण तुटतं. चौथ्या गटात कोला आहे आणि त्याच गटात अख्ख्या गव्हाचा पॅकेटबंद पावही आहे, कारण त्यात इमल्सिफायर पडला. फ्लेव्हर घातलेलं दही आहे, कित्येक न्याहारीची सीरियल आहेत. अमेरिकेत हजारो नर्सेस आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या खाण्याची दशकानुदशकं नोंद ठेवली गेलीय, त्यातून हा गट फोडून बघितला तर गोड पेयं आणि प्रक्रिया केलेलं मांस यांचं हृदयविकाराशी नातं स्पष्ट वाईट निघतं, आणि काही पाव, सीरियल, दही यांचं उलट चांगलं निघतं. मग सगळ्यांना एकाच टोपलीत का घालायचं, हा टीकाकारांचा प्रश्न मला पटतो. इमल्सिफायर स्वतःच काही करतात का हेही अजून उलगडतंय, उंदरांवर २०१५ मध्ये झालेल्या कामात दोन नेहमीच्या इमल्सिफायरनी आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटलेली दिसली, माणसांवरचं काम अजून लहान आहे. आणि लोकांच्या नोंदींवरून केलेले जे मोठे अभ्यास आहेत, २०२४ मध्ये त्यांचा एकत्र आढावा आला ज्यात जवळपास ९९ लाख लोक येतात आणि ३२ प्रकारच्या तब्येतीच्या तक्रारींशी संबंध दिसतो, ते संबंध दाखवतात, कार्यकारण सिद्ध करत नाहीत, कारण जो माणूस पॅकेटांवर जगतो त्याची झोप, त्याची नोकरी, त्याचा पैसा हेही वेगळे असतात.

पण मी जिथून सुरू केलं होतं तो मुद्दा हाच. सरासरी पावसाच्या आकड्यावरून आज छत्री घ्यायची की नाही ते कळत नाही, पण धरण किती मोठं बांधायचं ते त्याच आकड्यावरून ठरतं. हे वर्गीकरण एका पॅकेटाचा न्याय करायला बोथट आहे, तिथे साधी अक्कल बरी. मात्र एखाद्या देशात हा वाटा १२ वरून १८ वर, ३० वरून ५० वर जातो तेव्हा तो आकडा दही की कोला असल्या वादाच्या पलीकडचं काहीतरी सांगत असतो, की या देशात शिजवायचं काम कुणाकडून कुणाकडे गेलं.

आणि काम हा शब्द मला मुद्दाम वापरायचाय. २००३ मध्ये कटलर, ग्लेझर आणि शपिरो या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बटाट्याची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकन लोक भरपूर बटाटे खायचे, पण उकडून, भाजून, कुस्करून. फ्रेंच फ्राईज घरी क्वचित, कारण सोला, चिरा, तळा, तेल आवरा, कोण करणार. मग सोलणं, चिरणं, अर्धं तळणं, गोठवणं हे सगळं कारखान्यात एका जागी व्हायला लागलं आणि फ्राईज हाच बटाट्याचा मुख्य अवतार झाला. इच्छा आधीपासून होती, तिला अडवत होता तो फक्त सोलायचा कंटाळा! त्यांच्या मते त्या देशाच्या वाढलेल्या वजनाचा मोठा भाग या वाचलेल्या वेळेत आहे, आणि मला ते संयम-बियम कमी झाल्याच्या प्रवचनांपेक्षा फार जास्त पटतं, कारण कोट्यवधी लोकांचा संयम एकाच दशकात सुटतो हे मानायला मी तयार नाही.

म्हणून "घरी शिजवा" असं कुणी झटकन म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते. कुणी शिजवा? जगात जवळजवळ सगळीकडे ते बिनपगारी काम बायकांनी केलं, आणि त्या कामातून सुटका देऊ असं सांगतच ही पॅकेटं घरात शिरली, आणि सुटका दिलीही, हे नाकारणं अप्रामाणिक होईल. त्यात पैसा. हॉलच्या प्रयोगातही आठवड्याच्या अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवणाच्या सामानाला साधारण १०६ डॉलर लागले आणि साध्याला १५१, आणि शिजवणाऱ्यांची मजुरी त्यात धरलेली नाही. आता दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला तुम्ही ताज्या भाजीचं महत्त्व सांगणार! तिला ते आधीच माहीत आहे. आणि समोरच्या बाजूला कोण बसलंय तेही बघा, सिगारेट विकणाऱ्या फिलिप मॉरिसने १९८५ मध्ये जनरल फूड्स घेतली, १९८८ मध्ये क्राफ्ट घेतली, आर. जे. रेनॉल्ड्सने १९८५ मध्येच नॅबिस्को घेतली. माणसाला परत परत हात पुढे करायला कसं लावायचं याचा अनुभव असलेली ही मंडळी काही काळ अमेरिकेच्या किराणा मालाच्या मोठ्या भागाची मालक होती. यांच्यासमोर एकट्या माणसाने लेबल वाचून लढायचं असं आपण ठरवलंय, म्हणजे कमालच.

ब्राझीलने हे दुसऱ्या बाजूने धरलं हे मला आवडतं. २०१४ च्या त्यांच्या आहार-मार्गदर्शिकेत ग्रॅम आणि टक्के यांची भाषा जवळजवळ नाहीच, ताजं किंवा थोडंफार प्रक्रिया केलेलं आणि शिजवलेलं अन्न अल्ट्रा-प्रोसेस्डपेक्षा नेहमी पसंत करा हा मुख्य नियम, आणि पुढे चक्क कसं जेवा, सावकाश, शक्यतो कुणाच्या तरी सोबत, घरातली कामं वाटून घ्या, असं सगळं. सरकारी कागदात असं लिहिलेलं वाचून बरं वाटतं. पण नुसत्या मार्गदर्शिकेने बाजार हलत नाही. कोलंबियाने नोव्हेंबर २०२३ पासून थेट अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थांवर कर लावला, १० टक्के, मग १५, मग २०२५ मध्ये २०. करातून किंमत वाढते हे ठीक, पण तेवढ्याने साधं जेवण स्वस्त होत नाही, आणि ते शिजवायला वेळ तर नाहीच मिळत.

त्यापेक्षा मला शाळांचा मार्ग जास्त जमणारा वाटतो, कारण तिथे सरकार कुणाला उपदेश करत नाही, स्वतः शिजवून वाढतं. ब्राझीलची शालेय आहार योजना सुमारे ४ कोटी मुलांना जेवू घालते. २००९ च्या कायद्याने त्यासाठीच्या केंद्राच्या पैशातला निदान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीला ठेवला, आणि २०२५ मध्ये प्रक्रिया केलेल्या आणि अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थांवरच्या खर्चाची मर्यादा २० वरून १५ टक्क्यांवर आणली, २०२६ साठी १०. म्हणजे सोलायचा कंटाळा, चिरायचा वेळ, शिजवणाऱ्याची मजुरी, हे सगळं एका घरातल्या एका बाईच्या खांद्यावरून उचलून सरकारी खर्चात टाकलं.

त्याच देशाचे घरखरेदीचे सर्व्हे मात्र दुसरीकडे चाललेत. २००२-०३ मध्ये अल्ट्रा-प्रोसेस्डचा वाटा घरात आणलेल्या कॅलरींत १२.६ टक्के होता, २०१७-१८ मध्ये १८.४. अमेरिकेच्या मानाने काहीच नाही म्हणाल. पण याच पंधरा वर्षांत, भात आणि घेवडा हे ज्या देशाचं रोजचं जेवण, तिथे घरात आणलेला तांदूळ माणशी ३७ टक्क्यांनी कमी झाला आणि घेवडा वर्षाला माणशी १२ किलोच्या वरून ६ किलोच्या खाली आला. त्यातला काही भाग लोक आता बाहेर खात असतील, सगळा दोष पॅकेटांवर घालता येत नाही. पुढचा सर्व्हे येईल तेव्हा सगळे १८ चे किती झाले ते आधी बघतील, मी घेवड्याची ओळ शोधणार आहे.